60 रुपयांचा क्रियापदांचा तक्ता: घ्या, पण सोबत कात्रीही घ्या

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला इचलकरंजीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत दाराशीच तक्ते लटकायला लागतात. फळं, भाज्या, शरीराचे अवयव, महाराष्ट्राचा नकाशा, आणि त्यांच्यात हमखास एक इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचा. मी घरी पाचवी ते आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. त्यातली बरीच मुलं मराठी माध्यमाची, काही सेमीची. कोणी ना कोणी पालक दारात उभं राहून विचारतातच, "बाई, ह्यो तक्ता घेऊ का?" दर वेळी उभ्या उभ्या तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

कंपनीचं नाव देत नाही. तीन-चार कंपन्यांचे तक्ते मी बघितलेत आणि ते एकमेकांचं बघून, चुकांसकट छापल्यासारखे आहेत. माझ्याकडचा साधारण दोन फूट रुंद, तीन फूट उंच. लॅमिनेशन केलेला, वर-खाली पत्र्याची पट्टी, अडकवायला दोरी. डावीकडे मराठी अर्थ, मग पहिलं, दुसरं, तिसरं रूप, आणि प्रत्येक रूपाखाली लाल बारीक अक्षरांत देवनागरी उच्चार. कडेनं पळणारा मुलगा, पोहणारी मुलगी, दूध पिणारं मांजर वगैरे.

आधी चांगलं ते सांगते. लॅमिनेशन खरोखर चांगलं आहे. आमच्या गल्लीत चारी बाजूंनी माग आहेत, कापसाची धूळ कशावरही बसते. ओल्या फडक्यानं पुसलं की तक्ता परत नवा. इंग्रजी अक्षरं ठसठशीत आहेत, शेवटच्या सतरंजीवरून वाचता येतात. आणि 60 रुपयांत भिंतीवर कायम डोळ्यांसमोर काहीतरी राहतं, ही गोष्ट लहान नाही. मुलं कंटाळली की भिंतीकडे बघतात. तिथं फॅनच्या डागापेक्षा 'ड्राइव्ह–ड्रोव्ह–ड्रिव्हन' असलेलं बरं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार मांडणीची. तक्ता ए टू झेड लावलेला आहे. दिसायला शिस्तशीर, शिकायला निरुपयोगी. पहिलीच ओळ 'अबाइड–अबोड–अबोड'. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण वर्गाबाहेर हे क्रियापद भूतकाळात वापरायची वेळ माझ्यावर आलेली नाही. त्याच्या खाली 'आस्क–आस्क्ड–आस्क्ड'. अहो, हे तर नियमित! इ-डी लावली की झालं. अनियमित म्हणून विकलेल्या तक्त्यात अशी साधीसरळ क्रियापदं घुसवून ओळी वाढवल्यात आणि वर लाल पट्टीत '200 हून अधिक क्रियापदे' अशी जाहिरात. उरलेल्या जागेत 'बिसीच–बिसॉट', 'क्लीव्ह–क्लोव्ह–क्लोव्हन', 'चाइड–चिड–चिडन' अशी मंडळी. ही बायबलात आणि जुन्या कवितांत भेटतात. सहावीतल्या पोराला 'चिडन' पाठ असावं आणि 'सेड' लिहिता येऊ नये, असं या तक्त्यामुळे होतं.

पण वर्णानुक्रमाचं खरं नुकसान वेगळंच आहे. इंग्रजीतली अनियमित क्रियापदं वाटतात तितकी अनियमित नाहीतच. त्यांची घराणी आहेत. 'सिंग–सँग–संग' एस मध्ये, 'ड्रिंक–ड्रँक–ड्रंक' डी मध्ये, 'बिगिन–बिगॅन–बिगन' बी मध्ये आणि 'रिंग–रँग–रंग' आर मध्ये. चारही एकाच चालीची, आणि तक्त्यावर चार दिशांना. मतदारयादी घरांऐवजी नावानं लावली तर सख्खे भाऊ चार पानांवर विखुरतील, तसं झालंय. प्रत्येक ओळ मुलाला सुटी पाठ करावी लागते. खरं तर एका घराण्याची चाल कानात बसली की बाकीची आपोआप येतात.

म्हणून मी तक्ता घेते, आणि कापते. ओळीओळीच्या पट्ट्या करून कार्डशीटवर घराण्याप्रमाणे चिकटवते. लॅमिनेशन असल्यानं साध्या डिंकानं चिकटत नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या. मुलांनाच बसवलं तर फारच छान. पट्टी कुठं लावायची यावर भांडताना ती जेवढं शिकतात तेवढं घोकताना शिकत नाहीत.

सुरुवात 'पुट' पासून करावी. पुट, कट, हिट, शट, लेट, सेट, हर्ट, कॉस्ट, बर्स्ट, स्प्लिट, स्प्रेड. तिन्ही रूपं तीच. मुलांचं हे सर्वांत लाडकं घराणं, पाठ करायला काहीच नाही. एका मुलानं विचारलं होतं, "बाई, मग 'वॉक' बी तसंच का न्हाई?" उत्तर त्या पट्ट्यांवरच आहे. सगळी एकाखाली एक लावली की दिसतं, यातलं प्रत्येक क्रियापद ट किंवा ड वर संपतं. शेवटी आधीच ट-ड असल्यावर भूतकाळाचा ट-ड वेगळा ऐकू येणार कसा? जुन्या काळी यातल्या बऱ्याच क्रियापदांना प्रत्यय लागायचा, तो शेवटच्या अक्षरात गिळला गेला. नंतरची त्यांच्या पंगतीला येऊन बसली. उलटं मात्र खरं नाही हे लगेच सांगायचं, नाहीतर मुलं 'वॉन्ट' आणि 'नीड' सुद्धा याच पिशवीत टाकतात.

मग सेंड–सेंट, बेंड–बेंट, लेंड–लेंट, स्पेंड–स्पेंट. आणि यांच्या शेजारी मी 'वेन्ट' ची पट्टी लावते. मुलं ओरडतात, "बाई, ते 'गो' चं आहे!" आहे, पण दत्तक आलेलं. इंग्रजीत 'वेंड' नावाचं वेगळं क्रियापद होतं, वाट चालणं अशा अर्थाचं. त्याचा भूतकाळ 'वेन्ट'. 'गो' ला आधी स्वतःचं निराळंच भूतकाळी रूप होतं, ते मागं पडलं आणि 'वेन्ट' त्या जागी येऊन बसलं. तक्त्यावर 'गो–वेन्ट–गॉन' ही ओळ कुठलाही संबंध नसल्यासारखी दिसते, म्हणून मुलांना ती चमत्कारिक वाटते. 'सेंड–सेंट' च्या शेजारी ठेवली की निम्मं नवल उरतं.

खरं म्हणजे याचं नवल मराठी मुलांना वाटायलाच नको. आपलं 'जाणे' आणि 'गेला' बघा. 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूवरून, 'गेला' आला 'गम्' वरून, गत पासून. दोन वेगळे धातू, एकाच क्रियापदाच्या पोटात. इंग्रजीनं जे केलं तेच आपण केलंय. करणे–केला, मरणे–मेला, येणे–आला, होणे–झाला, घेणे–घेतला, खाणे–खाल्ला. यांचा तक्ता कोणी आपल्याला विकला नाही, कोणी घोकून घेतला नाही. माझी भाची बोलायला लागली तेव्हा "बाबा येला" म्हणायची, "मी करलं" म्हणायची. ऐकून ऐकून सुधारली. इंग्रजांच्या घरातली मुलंसुद्धा 'वेन्ट' च्या जागी 'गोएड', 'केम' च्या जागी 'कम्ड' म्हणतात. गंमत अशी की त्याआधी काही काळ ती 'वेन्ट' बरोबर म्हणत असतात. इ-डी चा नियम उमगला की तो सगळीकडे लावत सुटतात आणि काही काळानं परत जाग्यावर येतात. तुमचं मूल आज बरोबर आणि उद्या चूक बोललं तर 60 रुपये वाया गेले असं समजू नका. त्याला नियम कळलाय.

स्वर बदलणारी घराणी मला सर्वांत आवडतात, तिथं चाल आहे. ड्राइव्ह–ड्रोव्ह–ड्रिव्हन, राइट–रोट–रिटन, राइड–रोड–रिडन, राइज–रोझ–रिझन. स्पीक–स्पोक–स्पोकन, ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, स्टील–स्टोल–स्टोलन, फ्रीझ–फ्रोझ–फ्रोझन. ग्रो–ग्र्यू–ग्रोन, नो–न्यू–नोन, थ्रो–थ्र्यू–थ्रोन, ब्लो–ब्ल्यू–ब्लोन. शेजारच्या मागाच्या खटखटीवर मुलं हे म्हणतात आणि मी थांबवत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत स्वर बदलणाऱ्या क्रियापदांचे असे सात गट होते. यांना 'बलवान' आणि इ-डीवाल्यांना 'दुर्बळ' ही नावं दिली याकोब ग्रिमनं, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो. बलवान का, तर बाहेरून प्रत्यय उसना न घेता आतला स्वर बदलूनच काळ दाखवतात. आठवीत संस्कृत घेतलेली मुलं असली तर मी आणखी एक पाऊल पुढं जाते. विद् चं वेद होतं, इ चा ए होतो, त्याला आपण गुण म्हणतो. 'सिंग' चं 'सँग' होतं त्यामागं तीच फार जुनी, दोन्ही भाषांच्या समान पूर्वजाची खोड आहे.

आणि 'बी–वॉज–बीन' ची ओळ आली की तर मी खडूच हातात घेते. तक्त्यावर या क्रियापदाला एकच ओळ दिली आहे, बाकीच्यांएवढीच. इंग्रजीतलं सगळ्यांत जास्त वापराचं क्रियापद, आठ रूपांचं, आणि त्याला 'चाइड' एवढीच जागा! 'ॲम' कुठं, 'इज' कुठं, 'वेअर' कुठं? या एका क्रियापदात तीन धातू एकत्र आलेत, आणि तिन्ही आपल्या ओळखीचे निघतात. 'ॲम' आणि 'इज' म्हणजे अस्मि, अस्ति यांचे चुलतभाऊ. 'बी' हा भू धातूचा. आणि 'वॉज' हा वस् चा, ज्यावरून आपण वसणे, वस्ती म्हणतो. फळ्यावर हे लिहिलं की मागच्या रांगेतला पोरगाही वर बघतो.

'ब्रॉट', 'थॉट', 'बॉट', 'फॉट', 'टॉट', 'कॉट' हे घराणं स्पेलिंगमुळे बदनाम आहे. ओ-यू-जी-एच-टी का ए-यू-जी-एच-टी? यावर मार्क जातात. तक्ता काहीच मदत करत नाही. मी मुलांना सांगते, पहिल्या रूपाच्या स्पेलिंगमध्ये ए असेल तर दुसऱ्यातही ए. टीच, कॅच या दोघांत ए आहे, त्यांचं ए-यू. ब्रिंग, थिंक, बाय, फाइट, सीक यांत ए नाही, त्यांचं ओ-यू. इतकं एक वाक्य तक्त्याच्या खालच्या पट्टीत छापलं असतं तर मी एक तारा जास्त दिला असता. तिथं त्यांनी काय छापलंय, तर 'वेळ हाच पैसा'.

आता कोणती क्रियापदं आधी शिकायची, हा प्रश्न. वर्णानुक्रम म्हणतो 'अबाइड'. 2007 साली हार्वर्डच्या काही संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात यावर फार छान काम प्रसिद्ध केलं होतं. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली आणि पुढं त्यांचं काय झालं ते मोजलं. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यातली 145 अनियमित उरली, आज 98. बाकीची इ-डीच्या पंगतीत गेली. 'हेल्प' चं पूर्वी 'होल्प' व्हायचं, 'क्लाइंब' चं 'क्लोम'. कोण टिकलं? जे रोज तोंडात येतं ते. शंभर पटीनं कमी वापरलं जाणारं क्रियापद दहा पटीनं लवकर नियमित होतं, असं त्यांचं गणित. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं बघितली, बी, हॅव, डू, गो, से, कॅन, विल, सी, टेक, गेट, तर दहाही अनियमित. म्हणजे मुलांना ज्यांचा जाच होतो तीच कामाची आहेत, आणि कामाची आहेत म्हणूनच ती वाकडी राहिली. तक्ता वापराच्या क्रमानं लावला असता तर वरच्या पंचवीस-तीस ओळींत मुलाचं निम्मं काम झालं असतं. 'क्लीव्ह' ला मग खाली कोपऱ्यात कुठंतरी बसवा, माझी हरकत नाही.

उलटा प्रवासही झालाय. 'डिग' चं 1611 च्या बायबलात 'डिग्ड' आहे, आज 'डग'. 'वेअर' मुळात साधं प्रत्ययवालं होतं, 'बेअर–बोअर' च्या नादानं 'वोअर' झालं. 'कॅच' तर फ्रेंचकडून आलेला पाहुणा, तरी 'टॉट' च्या शेजारी बसून 'कॉट' झाला. अमेरिकेत 'स्नीक' चं 'स्नक' एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं सुरू झालं आणि आता सर्रास चालतं. अमेरिकन मालिका बघणारी मोठी मुलं 'गॉटन' घेऊन येतात. तक्त्यावर 'गॉट–गॉट' आहे, ब्रिटिश पद्धतीचं, आणि आपल्या परीक्षेला तेच लिहावं. पण 'गॉटन' ऐकून मुलाला रागवू नये. 'लर्न' च्या ओळीत 'लर्न्ट' आणि 'लर्न्ड' दोन्ही दिलीत, ते मात्र बरोबर केलंय.

उच्चारांच्या बाबतीत तक्ता सरळ नापास. लाल अक्षरं इतकी बारीक की मला चष्मा लावून जवळ जावं लागतं, आणि जवळ गेल्यावर वाटतं, नसती वाचली तर बरं. 'से' च्या खाली 'सेइड' छापलंय. ते 'सेड' आहे. 'रीड' च्या ओळीत तिन्ही ठिकाणी 'रीड'. स्पेलिंग तेच राहतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा उच्चार 'रेड' होतो, आणि या ओळीत शिकण्यासारखं तेवढंच आहे. ज्या एका कारणासाठी देवनागरी उच्चार द्यायचे, तिथंच घोळ.

नियमित क्रियापदं घुसवली आहेत तर निदान त्यांचे उच्चार तरी धड द्यायचे. तिथं 'वॉकेड', 'जम्पेड'. इ-डी चे तीन उच्चार होतात. 'वॉक्ट' मध्ये ट, 'प्लेड' मध्ये ड, आणि फक्त ट-ड वर संपणाऱ्या क्रियापदांना 'वॉन्टिड' सारखा वेगळा आवाज. माझ्या मुलांना हे मी क्रिकेटवरून शिकवते. बोल्ड. गल्लीतलं कुठलंही पोरगं 'बोलेड' म्हणत नाही. स्टम्प्ड, कॉट, रन आउट, हिट विकेट. बाद होण्याच्या या सगळ्या पद्धतींत तिसरं रूप दडलेलं आहे. 'रन आउट' मध्ये 'रॅन' नाही, कारण रन–रॅन–रन, तिसरं परत पहिल्यासारखं. 'कॉट अँड बोल्ड' मध्ये एक अनियमित, एक नियमित. धावफलक वाचणाऱ्या मुलाला तिसरं रूप केव्हाच येतं, फक्त त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक ठिकाण, जिथं तक्ता मुलांना तोंडघशी पाडतो. जुळी क्रियापदं. 'फाइंड–फाउंड–फाउंड' आहे, पण 'फाउंड–फाउंडेड–फाउंडेड', म्हणजे स्थापना करणं, हे नाही. 'फॉल–फेल' आहे, 'फेल–फेल्ड', झाड पाडणं, नाही. 'हँग–हंग' आहे, पण माणसाला फाशी दिली असेल तर 'हँग्ड', हे नाही. इतिहासाच्या धड्यावर इंग्रजीत उत्तर लिहिताना नेमकं तेच लागतं. आणि सगळ्यांवर कडी 'लाय' आणि 'ले' ची. लाय–ले–लेन म्हणजे आडवं होणं. ले–लेड–लेड म्हणजे ठेवणं, किंवा अंडं घालणं. एकाचं दुसरं रूप हेच दुसऱ्याचं पहिलं. शिवाय खोटं बोलण्याचं 'लाय–लाइड–लाइड' वेगळंच. हे तीन एकाखाली एक छापून मागं हलका रंग दिला असता तर काम झालं असतं. यांनी 'ले' एका टोकाला, 'लाय' मध्ये चार ओळी सोडून, आणि खोटं बोलणं छापलंच नाही.

तक्त्याकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका. तो रूप देतो, वापर देत नाही. आपल्या मुलांच्या वहीत सर्वांत जास्त लाल शाई 'डिड यू वेन्ट?' वर जाते. 'डिड' नं भूतकाळ घेतला की क्रियापद परत पहिल्या रूपात, हे दोन फुटी तक्त्यावर एका ओळीत बसलं असतं. तसंच तिसरं रूप कधी, तर हॅव, हॅज, हॅड च्या मागं किंवा कर्मणी प्रयोगात. हेही नाही. 'गो–वेन्ट–गॉन' धडाधडा म्हणणारी मुलगी 'आय हॅव वेन्ट' लिहिते तेव्हा तिचं पाठांतर कच्चं नसतं. तिला तिसऱ्या रकान्याचं काम काय हे कोणी सांगितलेलं नसतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं. एवढी वर्षं वाढली, पण तक्त्याच्या मथळ्यावरचे तीन रकाने तेच, आणि त्यांच्याखाली एकही वाक्य नाही.

याच दुकानात याच मजकुराची खिशात मावणारी पुस्तिकाही मिळते. घेऊ नका. कागद वर्तमानपत्राचा, पिन महिन्याभरात निघते, आणि भिंतीवरच्या तक्त्याचा जो एकमेव फायदा, सतत समोर असणं, तोच जातो. मोबाइलवरची फुकट ॲप्स मी मुलांच्या आयांच्या फोनवर बघितली. उच्चार ऐकायला मिळतात ही जमेची बाजू, 'रीड–रेड' कानानं ऐकलेलं बरंच. पण प्रत्येक चार शब्दांनी जाहिरात, आणि जाहिरातीतून गेम. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो संध्याकाळी वडलांच्या खिशात असतो, तिथं तर प्रश्नच मिटला. भिंत कुठं जात नाही.

मी दुकानदाराला विचारलं, आवाजाप्रमाणे गट केलेला तक्ता येतो का हो? तो म्हणाला, "बाई, कोण घेणार? पालक आले की आधी विचारतात, ए टू झेड हाय न्हवं?" त्यामुळे तूर्त कात्रीला पर्याय नाही.

पाचपैकी अडीच. दीड लॅमिनेशनला, एक 60 रुपये या किमतीला. पाचवी-सहावीच्या घरी जरूर घ्या, आठवीच्या पुढं गरज नाही, तिथं व्याकरणाच्या पुस्तकाच्या मागची यादी पुरते. तक्ता ट्यूबलाइटच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, लॅमिनेशन चमकतं आणि मधल्या चार ओळी दिसतच नाहीत. ट्यूबच्या बाजूच्या भिंतीवर, मुलाच्या बसल्या नजरेच्या उंचीला लावा. आणि दुकानात पैसे द्यायच्या आधी तक्ता उलगडून आर खाली 'रीड' ची ओळ काढा. तिन्ही ठिकाणी 'रीड' छापलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीचा दाखवायला सांगा. असतो आतल्या कपाटात, फक्त मागावा लागतो.